सब्र कुणाला सांगायचा?

आमच्या लहानपणी घरात जे शब्द रोज कानावर पडत, त्यांत ‘सब्र’ हा शब्द फार वरचा होता. नळाला पाणी आले नाही, सब्र करा. अब्बांचा पगार लांबला, सब्र करा. ईदचे कपडे शिंप्याने चाँदरातीलाही दिले नाहीत, सब्र करा. शेजारच्या मराठी घरांत याच अर्थाने ‘सबुरी’ म्हणत. शब्द अरबीतून निघाला आणि उर्दूतून, मराठीतून फिरत आमच्या गल्लीत येऊन स्थिरावला.

दर्यापूरसारख्या गावात राहणाऱ्याला हा शब्द मातीतच भेटतो. आमचा तालुका पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात येतो. येथे विहीर खोदली तर पाणी लागते, पण ते खारे. ते माणसाला पिता येत नाही आणि पिकालाही सोसत नाही. म्हणून पिण्याच्या पाण्यासाठी शहानूर धरणाच्या नळाकडे पाहायचे आणि कपाशी-तुरीसाठी आभाळाकडे. पायाखाली पाणी असताना वाट पाहत बसणे हे आमच्याकडच्या शेतकऱ्याच्या नशिबी आलेले आहे. अशा ठिकाणी सब्र शिकवावा लागत नसेल, असे बाहेरच्या माणसाला वाटेल.

पण मोठेपणी एक गोष्ट आमच्या लक्षात आली आणि तेव्हापासून ती मनात सलत राहिली. सब्र सांगणारा नेहमी वरचा असतो आणि ऐकणारा खालचा. मालक मजुराला सांगतो, सासू सुनेला सांगते, संस्थाचालक शिक्षकाला सांगतो आणि शिक्षक विद्यार्थ्याला सांगतो. मजुराने मालकाला, ‘साहेब, जरा सब्र करा,’ असे म्हटलेले आम्ही फारसे ऐकले नाही. मग हा सद्गुण आहे की खालच्याला गप्प बसवण्याची सोय आहे? आणि सद्गुण असेल, तर तो शिकायचा कुणाकडून? आमचा पेशा शिकवण्याचा आहे, त्यामुळे हा प्रश्न आम्हाला टाळता आलेला नाही. वाचकांपुढे तो ठेवतो आहोत, तेही स्वतःची एक चूक सांगून.

पण चुकीच्या आधी उपकार सांगायला हवा.

आम्ही उर्दू शाळेत पाचवीत असताना मराठी शिकवायला एक सर होते. आमच्या वर्गातल्या बहुतेक मुलांना ‘ळ’ येत नसे. आम्ही ‘शाला’ म्हणत असू, ‘कावला’ म्हणत असू. उर्दूत हा उच्चारच नाही, तेव्हा जिभेचा तरी काय दोष? बाजारात आमच्या या ‘ला’वर लोक हसत. त्यामुळे मराठीचा धडा वाचायची पाळी आली की घशाला कोरड पडे. सर कधी हसले नाहीत. ते म्हणाले, “घाई नाही. माझ्या गावची पोरं ‘शाया’ म्हणतात. त्यांना कुठं येतो ‘ळ’?” आम्हाला आश्चर्य वाटले. वऱ्हाडी बोलणारा माणूसही ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणतो, ‘काळा’ला ‘काया’ म्हणतो, हे आम्ही रोज ऐकत होतो. पण त्यालाही हे अक्षर शाळेतच शिकावे लागते, हे कधी मनात आले नव्हते. त्या एका वाक्याने आमची लाज अर्धी झाली.

सरांची एक सवय होती. एखाद्याला प्रश्न विचारला की ते हातातला खडू टेबलावर ठेवीत आणि हात मोकळे करून उभे राहत. उत्तर येईपर्यंत खडू उचलत नसत. त्या ठेवलेल्या खडूचा अर्थ आम्हा सगळ्यांना कळत होता. आता सर स्वतः लिहिणार नाहीत, सांगणार नाहीत; आता वेळ आपली आहे. ‘ळ’ यायला जूनपासून दिवाळी उजाडली. त्या चार-पाच महिन्यांत त्यांनी एकदाही ‘सब्र’ किंवा ‘सबुरी’ हा शब्द उच्चारला नाही. आज हे मराठी लिहिताना ‘ळ’ आला की त्या खडूची आठवण येते.

आता चूक.

नोकरीचे दुसरे वर्ष होते. आम्ही नववीला गणित शिकवत होतो. फळ्यावर समीकरण सोडवताना ऋण संख्येला ऋण संख्येने गुणले आणि उत्तर धन लिहिले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. ‘मनफी को मनफी से जरब दिया, तो मुसबत कैसे हुआ सर?’ दोन उणे मिळून अधिक कसे? आम्ही म्हणालो, कायदा आहे. तो बसला. पुढचे उदाहरण आले, तो पुन्हा उठला. आम्ही पुन्हा तेच सांगितले. तिसऱ्यांदा उठला तेव्हा आम्ही जे बोललो, ते असे होते: “एकट्या तुझ्यासाठी पूर्ण क्लास थांबवू का? तुझ्या डोक्याचं हे काम नाही. जा, गॅरेजवर बस.”

वर्ग हसला. मुलगा बसला. तो त्या आठवड्यात दोन दिवस आला, मग आलाच नाही. घरी निरोप पाठवला तेव्हा कळले, मामाच्या गावी गेला आहे. पुढे त्याच्या नावापुढे रेघ ओढली गेली.

या लेखात आम्ही ‘आम्ही’ म्हणत आहोत; घरच्या बोलीतल्या ‘हम’ची ती सवय आहे. पण या ठिकाणी त्या शब्दाच्या आड लपता येत नाही. ते वाक्य संस्थेचे नव्हते, शिक्षणपद्धतीचे नव्हते. ते एका तोंडातून निघाले होते आणि ते तोंड आमचे होते.

पुष्कळ दिवस आम्ही मनाची समजूत घालत राहिलो. पन्नास मुले, पस्तीस मिनिटांचा तास, अभ्यासक्रम मागे पडलेला. तो मुलगा तसाही शाळा सोडणारच होता, घरची परिस्थितीच तशी होती. ही सगळी कारणे खरी होती आणि सगळी अपुरी होती. खरे कारण आम्हाला फार उशिरा कळले. दोन उणे मिळून अधिक कसे होते, हे आम्हालाच सांगता येत नव्हते. आम्हीही तो कायदा पाठच केलेला होता. मुलाचा प्रश्न खरा होता, आणि खऱ्या प्रश्नापुढे रिकाम्या हाताने उभे राहण्याची हिंमत आमच्यात नव्हती. आमची अधीरता वेळेच्या टंचाईतून आलेली नव्हती. ती अज्ञान झाकण्यासाठी आली होती.

त्यानंतर आम्ही ते शिकून घेतले. उणे दोनला तीनने गुणले तर उणे सहा, दोनने गुणले तर उणे चार, एकने गुणले तर उणे दोन, शून्याने गुणले तर शून्य. प्रत्येक पायरीवर उत्तर दोनने वाढत आहे. आता शून्याच्या पुढची पायरी उतरा, म्हणजे उणे एकने गुणा. शून्यात दोन वाढले, म्हणजे अधिक दोन. एवढेच. फळ्यावर पाच ओळी लागतात. त्या पाच ओळी आमच्याजवळ नव्हत्या, म्हणून एका मुलाला वर्गातून उठावे लागले.

बी.एड.ला आम्ही बालमानसशास्त्र वाचले होते, परीक्षेत त्यावर भरभरून लिहिलेही होते. २०१० साली १ एप्रिलपासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ पाठ होते. मुलाला मारता येणार नाही आणि त्याचा मानसिक छळही करता येणार नाही, असे ते कलम सांगते. हा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि आमचा विद्यार्थी पंधरा वर्षांचा होता. कायद्याच्या नजरेने पाहिले तर आम्ही सुटलो असतो. पण अपमान काही वय विचारून लागत नाही.

या विषयावर आपल्याकडे जुने शहाणपण नव्हते असेही नाही. इब्न खल्दून यांनी १३७७ साली ‘मुकद्दमा’ लिहिला. त्यात विद्यार्थ्यांशी कठोरपणे वागण्याच्या तोट्यांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, धाकाखाली वाढलेले मूल उमेद हरवते, आळशी होते आणि मुख्य म्हणजे खोटे वागायला शिकते. कारण मनातले बाहेर दाखवले तर शिक्षा होईल, ही भीती त्याच्यात मुरते. इमाम गझाली यांनी तर त्यांच्याही आधी, शिक्षकाची कर्तव्ये सांगताना, विद्यार्थ्याला पोटच्या मुलासारखे वागवावे आणि त्याची चूक उघड न बोलता सूचकपणे दाखवावी, असे बजावले आहे. आम्ही त्या मुलाची चूकही नसताना ती चूक ठरवली आणि तीही भर वर्गात. त्या दिवसानंतर त्या वर्गात कुणी तिसऱ्यांदा प्रश्न विचारला नाही. सगळे ‘समझ गए सर’ म्हणू लागले. इब्न खल्दून ज्याला खोटे वागणे म्हणतात, त्याचा धडा आम्ही एका तासात शिकवला होता.

सब्र आणि शिक्षण यांची गाठ जिथे सर्वांत घट्ट बसलेली आहे, ती गोष्ट आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्यापैकी अनेक जण जुम्याच्या दिवशी सूरह कहफ वाचतात. तिच्यात हजरत मूसा अलैहिस्सलाम ज्ञान शिकण्यासाठी एका बुजुर्गांकडे जातात. हदीसमध्ये त्यांचे नाव हजरत खिज्र असे येते. ते आधीच सांगतात की, तुम्हाला माझ्याबरोबर सब्र करता येणार नाही. आणि तसेच होते. गरिबांच्या नावेला भोक पाडले, मूसा बोलले. एका मुलाचा जीव घेतला, मूसा बोलले. ज्या गावाने पाहुणचार नाकारला त्या गावातली पडकी भिंत फुकट उभी करून दिली, तेव्हाही मूसा बोलले. तिसऱ्या वेळी दोघांची वाट वेगळी झाली.

ही गोष्ट मदरशात आणि शाळेत आम्हाला नेहमी विद्यार्थ्याने सब्र ठेवावा म्हणून सांगितली गेली. प्रश्न विचारू नका, उस्तादांना सगळे ठाऊक असते. आम्हीही ती तशीच पुढे सांगत होतो. त्या मुलाच्या प्रसंगानंतर मात्र ती पुन्हा वाचताना काही गोष्टी वेगळ्या दिसल्या. एक तर, खिज्र यांनी तीन वेळा संधी दिली आणि पहिल्या दोन्ही वेळा मूसांना आपल्याबरोबर ठेवले. दुसरे, निरोप देण्याआधी त्यांनी तिन्ही प्रश्नांची पूर्ण उत्तरे दिली. एकही प्रश्न अनुत्तरित ठेवून त्यांनी शिष्याला पाठवले नाही. तिसरे, त्यांच्याजवळ उत्तरे होती. शिष्याकडून सब्राची अपेक्षा करण्याचा हक्क त्यांना होता, कारण मौनाच्या मागे ज्ञान होते. आमच्या मौनाच्या मागे काही नव्हते.

आणि ती भिंत. तिच्याखाली दोन यतीम मुलांचा ठेवा पुरलेला होता. मुले मोठी होऊन स्वतःच्या हाताने तो काढून घेईपर्यंत तो सुरक्षित राहावा, म्हणून भिंत उभी करायची होती. आम्हाला वाटते, सब्राच्या या गोष्टीचा शेवट मुलांपाशी होतो, हा योगायोग नसावा. शिक्षकाचे काम याहून वेगळे काय असते? ठेवा मुलाचा आहे, तो आपण दिलेला नाही. आपण फक्त भिंत सांभाळायची. ठेवा बाहेर येईल तेव्हा बहुधा आपण तिथे नसू.

येथे आमचे एक सहकारी मित्र आम्हाला अडवतात. ते म्हणतात, “भिंत फुकट बांधायची गोष्ट शिक्षकांना सांगू नका. आधीच फार फुकट बांधून घेतलं आहे.” त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. महाराष्ट्रात २००० साली शिक्षणसेवक योजना आली. पहिली तीन वर्षे मानधनावर काम. प्राथमिक शिक्षकाला तेव्हा महिन्याला ३,००० रुपये. २०२३ पासून ते मानधन १६,००० झाले, म्हणजे तिथवर पोहोचायला दोन दशके लागली. विनाअनुदानित तुकड्यांवर शिकवणाऱ्यांची कथा तर आणखी लांब आहे. त्यांना अनुदानाचा दिवस उजाडेपर्यंत सब्र करा, एवढेच सांगितले जाते. ज्याच्या घरी किराण्याची उधारी थकली आहे, त्याने वर्गात शांत राहून एकाच मुलाला पाचव्यांदा तेच समजावून द्यावे, ही अपेक्षा करणारे आपण कोण?

आमचे उत्तर असे. भिंत पाहून मूसांनी मजुरीचा प्रश्न विचारला होता आणि मजुरीचा प्रश्न अयोग्य नसतो. शिक्षकाने पगारासाठी भांडावे, अर्ज करावेत, मोर्चात जावे. ते सब्राच्या विरुद्ध नाही. अरबीत सब्र या शब्दाच्या मुळाशी रोखून धरणे, बांधून ठेवणे असा भाव आहे. म्हणजे आपल्याच मनाला पळू न देणे. अन्यायापुढे मान घालणे असा अर्थ त्यात नाही. पण शासनावरचा राग वर्गातल्या मुलावर काढायचा नाही, तो दाराबाहेर रोखून धरायचा, हा मात्र सब्र आहे. वर भांडायचे आणि खाली थांबायचे. आपल्याकडे बहुतेक वेळा याच्या उलट घडते. वरच्यापुढे आपण थांबतो आणि खालच्यावर तुटून पडतो.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासात आहे आणि त्यात आपलाही वाटा आहे. जोतिराव फुले यांची शाळा लहानपणी मध्येच सुटली होती. त्यांना पुन्हा शाळेत घाला, म्हणून त्यांच्या वडिलांना, गोविंदरावांना, समजावणाऱ्या दोन शेजाऱ्यांत एक होते गफार बेग मुन्शी, उर्दू-फारसीचे शिक्षक. १८४१ साली जोतिराव पुन्हा शाळेत गेले. मुन्शीजींनी स्वतः कोणती शाळा काढली नाही, ग्रंथ लिहिला नाही. शेजारच्या मुलाचे नुकसान होते आहे हे पाहून ते स्वस्थ बसले नाहीत, एवढेच. पुढे १८४८ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा काढली. शाळेत जाताना सावित्रीबाईंच्या अंगावर शेण-चिखल फेकला जाई आणि त्या बदलायला दुसरे लुगडे बरोबर नेत, ही हकीकत शाळकरी मुलांनाही माहीत आहे. ते दुसरे लुगडे आम्हाला सब्राची खरी खूण वाटते. त्या घरी बसून सहन करीत नव्हत्या. उद्याही शेण पडणार हे धरून त्या उद्याही शाळेत जाणार होत्या.

त्यांच्या सहकारी फातिमा शेख यांच्याविषयी आज पुष्कळ लिहिले-बोलले जाते. जुन्या कागदांत मात्र त्यांचा उल्लेख थोडाच सापडतो. त्यातला महत्त्वाचा उल्लेख सावित्रीबाईंच्या पत्रात आहे. १० ऑक्टोबर १८५६ रोजी, आजारपणात माहेरी नायगावला असताना, त्यांनी जोतिरावांना पत्र लिहिले. आपण नसल्यामुळे फातिमाला कामाचा त्रास होत असणार, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचे त्यात लिहिले आहे. एका शिक्षिकेच्या आयुष्यातले एवढेच एक वाक्य आपल्या हाती उरावे आणि तेही तिच्या सब्राविषयी असावे, हे वाचून मन भरून येते.

पण हे वाक्य नीट वाचले पाहिजे. त्याला दोन अर्धे आहेत. कुरकुर न करणे हा फातिमांचा अर्धा आहे. त्रास होत असणार, हे आजारपणातही ध्यानात ठेवणे हा सावित्रीबाईंचा अर्धा आहे. आपल्याला पहिला अर्धा फार आवडतो. आपल्या मुलींना, सुनांना, शिक्षिकांना आपण तोच सांगतो. दुसरा अर्धा कुणी सांगत नाही. ज्याच्या सोसण्याची कुणी दखलच घेत नाही, त्याला सब्राचा उपदेश करणे हा त्याच्यावर केलेला दुसरा जुलूम आहे. ज्याला दुसऱ्याचा त्रास दिसत नाही, त्याने ‘सब्र करा’ म्हणू नये.

तीन वर्षांपूर्वी अंजनगावच्या रस्त्यावर आमची मोटारसायकल बंद पडली. ढकलत एका गॅरेजपाशी आणली. आतून दाढीवाला एक तरुण आला, गाडीकडे पाहिले, मग आमच्याकडे पाहिले आणि म्हणाला, “सर, पैचाने क्या?” आम्ही ओळखले. त्याला बसायला सांगितले होते, तिथेच तो बसला होता. आमच्या तोंडून काही निघेना.

गाडी त्याने स्वतः उघडली नाही. सोळा-सतरा वर्षांच्या एका पोराला हाक मारून ते काम त्याला दिले आणि आपण बाजूला उकिडवा बसला. पोरगा गडबडला होता. एक बोल्ट त्याला सुटेना, पाना घसरत होता. आम्हाला घाई होती. आम्ही असतो तर पाना केव्हाच हिसकून घेतला असता. हा मात्र हात गुडघ्यावर ठेवून पाहत राहिला. “आराम से. फिर से बिठा,” एवढेच म्हणाला. चौथ्या खेपेला बोल्ट सुटला. पोराच्या चेहऱ्यावर जे उमटले, ते आमच्या वर्गात आम्ही फार कमी वेळा पाहिले आहे.

आम्ही विचारले, हे तू कुठे शिकलास? तो म्हणाला, उस्तादांकडून. ज्या म्हाताऱ्या मेकॅनिकपाशी तो शिकला, ते आता हयात नाहीत. सुरुवातीला त्याच्या हातून एका बोल्टचे आटे गेले होते आणि गिऱ्हाइकाचे नुकसान उस्तादांनी खिशातून भरले होते. ओरडले नाहीत असे नाही, ओरडले. पण दुसऱ्या दिवशी तेच काम पुन्हा त्याच्याच हाती दिले. “उस्ताद हाथ का पाना कभी नहीं छीनते थे सर,” तो म्हणाला.

ते ऐकताना आम्हाला टेबलावर ठेवलेला खडू दिसला. पाना न हिसकणे आणि खडू खाली ठेवणे, दोन्ही एकच गोष्ट. शिकवणाऱ्याला येत असते, लवकर येत असते, आणि तरी तो आपला हात आवरून धरतो, कारण काम शिकणाऱ्याच्या हातून व्हायचे आहे. आमच्या याच मुलखातले गाडगेबाबा कीर्तनात हेच करीत. शेंडगावात १८७६ साली जन्मलेल्या या माणसाला शाळा मिळाली नाही. पण कीर्तनात ते लोकांना प्रश्न विचारीत, लोकांकडूनच उत्तर वदवून घेत आणि मग पुढे जात. आमच्या पदवीवर ज्या विद्यापीठाचा शिक्का आहे, त्याला आज त्यांचे नाव आहे. त्या कागदापेक्षा त्यांची रीत आम्ही घेतली असती, तर बरे झाले असते.

आणखी एक गोष्ट मनाला लागली. ‘उस्ताद’ हा शब्द आमच्या शाळेतून कधीच निघून गेला. तेथे आता सगळे ‘सर’ आहेत. तो शब्द गॅरेजमध्ये जिवंत आहे, आणि आमच्या या विद्यार्थ्याला तो तेथे भेटला. आमच्याकडे आला असता तर त्याला काय भेटले असते?

आम्ही त्याला म्हणालो, त्या दिवशी आमची चूक झाली होती. तुझा सवाल बरोबर होता. तो कपड्याला हात पुसत थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “कौनसा सवाल सर?” सवाल त्याला आठवत नव्हता. वर्ग हसला होता, ते आठवत होते. शिक्षकाचा प्रभाव आयुष्यभर टिकतो असे आपण शिक्षकदिनी भाषणांतून सांगतो, तेव्हा फक्त चांगला प्रभाव मनात धरतो. वाईटही तितकाच टिकतो, हे त्या दिवशी कळले. मजुरी त्याने पूर्ण घेतली. आम्हाला त्याचे बरे वाटले.

इक्बाल यांना ‘सर’ हा किताब मिळाला तेव्हाची एक आठवण उर्दू शाळांत नेहमी सांगतात. आपले उस्ताद मीर हसन यांनाही ‘शम्स-उल-उलमा’ हा किताब द्यावा, अशी अट त्यांनी घातली. उस्तादांनी कोणते पुस्तक लिहिले, असे विचारल्यावर इक्बाल यांनी त्यांचे पुस्तक म्हणून स्वतःकडेच बोट दाखवले, असे म्हणतात. ही आठवण सांगताना आम्हा शिक्षकांची छाती फुगते. पण प्रत्येक शिक्षकाची अशी पुस्तके अनेक असतात आणि त्यांतली काही त्याने मध्येच फाडलेली असतात. हिशेब दोन्हींचा द्यावा लागेल.

तर मूळ प्रश्नाकडे येतो. सब्र कुणाला सांगायचा? आमचे मत असे झाले आहे की, तो कुणाला सांगायचाच नसतो. ज्याच्या हाती खडू आहे, पाना आहे, पगारपत्रक आहे, त्याने तो करायचा असतो. आणि ज्याच्यासाठी तो केला जातो, तो न सांगता शिकतो. मराठीच्या सरांनी आमच्यासाठी चार-पाच महिने वाट पाहिली, म्हणून वाट पाहणे म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक आहे. आणि ठाऊक असूनही ते एका दुपारी हातून सुटले. तेव्हा शिकलेला सब्रही रोज नव्याने रोखून धरावा लागतो, हेही खरे.

या वर्षी आमच्या वर्गात एक मुलगी आहे. अपूर्णांक, ज्याला आम्ही उर्दूत कसर म्हणतो, तिला काही केल्या उमगत नाही. छेद मोठा झाला की संख्या लहान कशी होते, असे ती विचारते. आतापर्यंत चार वेळा विचारले आहे. भाकर तोडून दाखवली, कागद घडी घालून दाखवला. दिवाळी होऊन गेली. काल ती पाचव्यांदा उठली आणि वर्गात मागून कुणीतरी हसले.

आम्ही खडू टेबलावर ठेवला.